एकशेसाठ वेढे

माझी बायको सुगंधा गेल्याचं मला कळलं तेव्हा मी अर्बन नावाच्या गिऱ्हाइकाच्या फियाटमध्ये डॅशबोर्डखाली उताणा पडलो होतो. तोंडात दोन स्क्रू होते. आमच्या शेजारच्या खोलीतला जॉनी सायकल गॅरेजच्या दारातच टाकून आत आला. माझ्या पायाला हात लावून म्हणाला, "नंदू, घरी चल."

काय झालं विचारलं तर म्हणाला, "तू चल रे."

मी स्क्रू तोंडातून काढले, डबीत ठेवले आणि झाकण लावलं. नंतर हे आठवून लाज वाटली. पण तेव्हा हात आपोआप चालत होते. मुलुंडच्या गॅरेजपासून नाहूरच्या आमच्या चाळीपर्यंत जॉनीने मला कॅरियरवर बसवून आणलं. चाळीच्या तोंडाशी पाय टेकून थांबला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "बेटी कामावरून आली, तेव्हा ती चुलीपाशी पडलेली होती. श्वास नव्हता."

बेटी म्हणजे जॉनीची बायको. ही गोष्ट शहात्तर सालची, फेब्रुवारीतल्या एका बुधवारची. सुगंधाला अडतीस वर्षं पुरी व्हायची होती. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. आधी काही त्रास होता का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

त्या वेळी मी खोटं बोललो हे कुणाला कळलं नाही. आता सगळं सांगायचं तर आधी अर्बनच्या गाडीचं काम काय होतं ते सांगायला हवं.

अर्बन कांजूर गावठाणातला. जहाजावर स्टुअर्ड होता. वर्षातून दोन महिने सुट्टीवर यायचा, आणि येताना काहीतरी घेऊन यायचा. त्या वर्षी त्याने मोटारीत बसवायचा कॅसेट प्लेअर आणला आणि चार स्पीकर आणले, दोन मोठे, दोन लहान. मी मोटारींचं वायरिंग करतो. हेडलाइट, हॉर्न, डायनॅमो हे माझं रोजचं काम. रेडिओही पुष्कळ बसवले होते, पण एकाला एक स्पीकर, संपलं. हे दोन जातींचे स्पीकर मी पहिल्यांदा पाहत होतो. पहिल्या दिवशी मी सगळे एकत्र जोडून टाकले. लहान स्पीकर असा चिरकला की मी झटकन बटण बंद केलं. आणखी मिनिटभर चालू ठेवलं असतं तर तो जळाला असता, आणि तसला इथे मिळाला नसता.

लॅमिंग्टन रोडवर एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्याने समजावलं. लहान स्पीकरला जाड आवाज सोसत नाही आणि मोठ्याला बारीक आवाज नीट काढता येत नाही. म्हणून प्लेअरमधून आलेला आवाज वाटून द्यायचा. लहानाच्या वाटेत कपॅसिटर घालायचा, तो जाड आवाज अडवतो. मोठ्याच्या वाटेत तांब्याच्या तारेची कॉईल घालायची, ती बारीक आवाज अडवते. या वाटणीला क्रॉसओव्हर म्हणतात. रेडिओतल्या साध्या कपॅसिटरला प्लस-मायनस असतं, तो तसाच चालत नाही. दोन घेऊन पाठीला पाठ लावून जोडायचे. ते मला जमलं. कॉईल मात्र हाताने गुंडाळायची होती. लाकडी बॉबिनवर एकशेसाठ वेढे, आणि दोन्ही कॉईल तंतोतंत सारख्या. एका बाजूला वेढे कमी पडले तर गाडीत एका कानाला आवाज वेगळा लागणार.

हे काम सुगंधाचं. लग्नाआधी ती गिरणीत वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामावर होती. तिचा मोठा भाऊ धोंडू त्याच खात्यात जॉबर, म्हणजे मुकादम होता, त्यानेच तिला लावलं होतं. पुढे बायका कमी केल्या त्यात ती घरी बसली. पहाटे दोन तास दुधाच्या केंद्रावर बसायची, उरलेला दिवस घरी. डायनॅमोचे आर्मेचर, म्हणजे आतले फिरते गाभे, मी घरी आणायचो आणि ती त्यांवर तार भरून द्यायची. तिच्यासारखी तार बसवणारा माणूस मी गॅरेजमध्ये पाहिला नाही. वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये नख जाणार नाही असा.

मोजायची तिची एक रीत होती. दहा वेढे झाले की वाटीत एक चिंचोका टाकायचा. चिंचोके ती डब्यात साठवूनच ठेवायची. ती मोजत असताना मी काही विचारलं तर आकड्यातच उत्तर मिळायचं. "एकसष्ट, डबा फळीवर आहे, बासष्ट, डोळे उघडून बघा, त्रेसष्ट." मग आम्ही दोघं हसायचो, आणि आकडा चुकला की दोष माझा.

डाव्या बाजूची कॉईल तिने रविवारी पुरी केली. उजवीला सोमवारी हात घातला. मंगळवारी रात्री झोपताना म्हणाली, नव्वद झाले. सकाळी चहा पिताना मीही बघितलं, वाटीत नऊ चिंचोके होते. बॉबिन फळीवर, फडक्यात गुंडाळलेलं, तार दोऱ्याने बांधलेली. काम सोडताना ती असंच ठेवायची.

केंद्रावरून आली ती कपाळ दाबतच. म्हणाली, "अहो, आज डोकं फार जड झालंय. पडावं वाटतंय."

मी म्हणालो, "पड की. पण संध्याकाळपर्यंत तेवढी कॉईल पुरी कर. अर्बन उद्या येणार आहे."

अर्बन उद्या येणार नव्हता. तो पुढच्या आठवड्यात येणार होता, आणि त्याला घाई नव्हती. घाई मला होती. दोन्ही बाजू एकदम वाजलेल्या मला ऐकायच्या होत्या. असं काम मुलुंडमध्ये कुणी केलेलं नव्हतं.

ती बरं म्हणाली. मी डबा घेऊन निघालो.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता. ती पडून राहिली की माझं ऐकून कॉईल करायला बसली. पडून राहिली असेल तर जे व्हायचं ते झालं, असं मी म्हणू शकत होतो. बसली असेल तर दुखऱ्या डोक्याने मान खाली घालून तिला मी बसवलं. दोन्हीतलं कुठलं खरं हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. बेटी शाळेत आयाचं काम करायची, ती तीनला परत यायची. चाळीत दुपारी कुणी कुणाच्या दारात नसतं.

चिंचोक्यांची आठवण मला तिसऱ्या दिवशी झाली. वाटी फळीवर पालथी होती, धुतलेली. धोंडू आणि त्याची बायको सुलक्षणा देवनारहून येऊन राहिले होते, ते तेरावं होईपर्यंत राहणार होते. मी सुलक्षणाला विचारलं, वाटीत चिंचोके होते ते कुठे आहेत.

"ते मी टाकले," ती म्हणाली. "घर धुऊन काढलं ना सगळं."

किती होते, मी विचारलं.

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू माझ्या डोक्यावर परिणाम झालाय. "चिंचोके कोण मोजतं भावोजी?" मग जरा हळू म्हणाली, मूठभर होते. नऊ चिंचोक्यांची मूठ होते का, हे मी पुढे किती तरी वेळा स्वतःची मूठ वळून बघितलं. त्याने काही कळत नाही.

धोंडू भिंतीला टेकून बसला होता. त्याने हे ऐकलं.

तो बोलला सातव्या दिवशी. बेटीने त्याला सांगितलं होतं की बुधवारी सकाळी केंद्रावरून येताना सुगंधा जिन्यात भेटली, डोकं दुखतंय म्हणाली. बेटीने तिला सांगितलं होतं, नवऱ्याला सांग, दवाखान्यात जा. धोंडू मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेला. एरवी तो माझ्याशी अहो-जाहोने बोलतो, शहरी बोलतो. रागावला की, नाहीतर मोकळा झाला की, मालवणीवर येतो.

"भावोजी, खरा सांगा," तो म्हणाला. "तिच्या डोक्यात दुखत होता, ता तुमका म्हायत होता काय?"

मी म्हणालो, नाही. ती मला काही बोलली नाही.

"त्या दिवशी तिना काम केल्यान?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. हे तेवढं खरं होतं.

त्याने कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि खाली नळाकडे बघितलं. मग म्हणाला, ती लहानपणापासून अशीच, दुखलं खुपलं सांगायची नाही. माझ्या खोट्याला त्याने स्वतःच टेकू दिला. मी मान हलवली.

नवव्या दिवशी अर्बन भेटायला आला. काळा पॅन्ट-शर्ट घालून, हातात फुलं. गाडीचं नाव काढलं नाही. मीच काढलं. म्हणालो, एवढी एक कॉईल राहिली आहे, तू जहाजावर जायच्या आधी देतो. तो म्हणाला, "सोड ना यार. पुढच्या सुट्टीत कर. मी तुला कधी घाई केली होती का?"

धोंडू शेजारी बसला होता. मला वाटलं, ती कॉईल कोण करत होतं, हे तो आता विचारेल. त्याला विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

अर्बनची बोट महिनाअखेरीला सुटणार होती. मी ठरवलं होतं की ते काम पुरं करायचं. उजव्या बाजूची कॉईल नवीन करावी म्हणून तार शोधली. त्या जाडीची तार घाटकोपरच्या दुकानात नव्हती, लॅमिंग्टन रोडला नव्हती. महिनाभर लागेल म्हणाले. रिळावर उरलेली तार अर्ध्या कॉईललाही पुरली नसती. म्हणजे सुगंधाने गुंडाळलेली तारच पुरी करायला हवी होती. आणि पुरी करायची तर तिने किती वेढे घातले हे कळायला हवं होतं. त्यासाठी सगळी उलगडून मोजायची, दुसरा मार्ग नव्हता.

मी बॉबिन दोनदा हातात घेतलं आणि दोनदा परत ठेवलं. एकदा मनात आलं की अंदाजाने सत्तर वेढे वर चढवावे आणि द्यावं. नव्वद आणि सत्तर, एकशेसाठ. आवाज थोडा इकडे तिकडे झाला तर अर्बनला कळणार नाही. पण मग ती त्या दिवशी बसली होती का, हे जन्मभर मला कळलं नसतं.

तेरावं झालं, धोंडू-सुलक्षणा देवनारला गेले. पुढच्या रविवारी सकाळी मी दार ओढून घेतलं, जमिनीवर बसलो, बॉबिन मांडीवर घेतलं आणि दोरा सोडला. तेवढ्यात दार ढकलून धोंडू आत आला. सुगंधाच्या दोन साड्या सुलक्षणाला द्यायच्या ठरल्या होत्या, त्या न्यायला आला होता. मला बॉबिन लपवता आलं असतं. पण लपवलं असतं तर त्याने विचारलं असतं.

"काय करताय?"

मी सांगितलं, अर्बनच्या गाडीचं काम आहे, वेढे मोजायचे आहेत. सुगंधाने केलेलं आहे, किती झाले माहीत नाही.

तो चपला काढून माझ्यासमोर मांडी घालून बसला. "एकट्याने मोजून होणार नाही. तार पिळणार. द्या इकडे रीळ." आणि त्याने रीळ हातात घेतलं. वीस वर्षं वाइंडिंग खात्यात काढलेला माणूस. मी बॉबिन फिरवून तार सोडू लागलो, तो ती रिळावर ओढून घेऊ लागला, न ताणता, न सैल सोडता. आणि मोठ्याने मोजू लागला.

पाच-सहा वेढे सुटले आणि त्याने हात थांबवला. बॉबिन माझ्या हातातून घेऊन उजेडात धरलं.

"हे वरचे कोणी घातले?" तो म्हणाला. "बघा, एकावर एक चढलेत. मध्ये फट आहे. हात बसलेला नाही."

मीही बघितलं. तार वेडीवाकडी गेली होती. एके ठिकाणी ती वळून परत मागे आली होती, कुणी मध्येच थांबून पुन्हा सुरू करावं तशी. सुगंधाच्या हातून असं कधी झालं नव्हतं, आणि तरी तो हात तिचाच होता, मी कामावर गेल्यावरचा. मोजायची गरजच राहिली नव्हती.

"मी घातले," मी म्हणालो. "नंतर. जरा प्रयत्न केला."

"दिसतंच आहे," धोंडू म्हणाला आणि त्या दिवसांत पहिल्यांदा थोडा हसला. "तुमी हातोडो मारा आपलो. ह्या तुमचा काम न्हय."

मीही हसलो. आम्ही पुन्हा मोजायला लागलो.

तीस. चाळीस. चव्वेचाळीसच्या पुढे तार एकदम सरळ झाली. धोंडूने आकडा न सोडता मान हलवली. "हे तिचे," म्हणाला, "सेहेचाळीस, हात ओळखतो मी, सत्तेचाळीस." ती बोलायची तसाच तो बोलला. दोघांची सवय एकाच खात्यातली. मी बॉबिन गुडघ्यावर टेकवलं आणि फिरवत राहिलो.

तरीही मी आशा सोडली नव्हती. कदाचित तिने मंगळवारीच शेवटचे वेढे घाईत घातले असतील. कदाचित मंगळवारी रात्री ती चुकून नव्वद म्हणाली असेल. माणूस कशावरही विश्वास ठेवतो. नव्वदला बॉबिनचं लाकूड दिसलं तर मी तिथल्या तिथे धोंडूच्या पायावर डोकं ठेवणार होतो आणि तिच्या डोकेदुखीबद्दल खोटं बोललो होतो, हे सांगून टाकणार होतो. तेवढं सांगायला मला जड गेलं नसतं.

"अठ्ठ्याऐंशी," धोंडू म्हणाला. "एकोणनव्वद. नव्वद."

लाकूड दिसलं नाही. खाली अजून दोन थर तांबं होतं.

"थांबलात का?"

मी फिरवलं. शंभर झाले. एकशेवीस झाले. एकशेचौतीसला तारेचं टोक बॉबिनच्या भोकातून निघालं आणि लाकूड उघडं पडलं. नव्वद सोडून राहिले चव्वेचाळीस. जेवढे वेडेवाकडे होते तेवढेच.

"एकशेचौतीस," धोंडू म्हणाला. "तुमचे चाळीस-पंचेचाळीस धरा. म्हणजे तिचे नव्वद. सगळे सरळ, म्हणजे दुखायच्या आधीच तिने हात सोडला होता. बरं झालं. मला उगाच वाटत होतं की दुखत असताना ती कामाला बसली." त्याने रीळ खाली ठेवलं आणि खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. त्याच्या मनावरचा भार उतरला होता, हे मला समोर दिसत होतं. बोलायची ती वेळ होती. मी रिकामं बॉबिन फडक्याने पुसत बसलो.

"किती पाहिजेत?" त्याने विचारलं.

एकशेसाठ, मी म्हणालो.

"आणा. मी घालून देतो."

त्याने पहिल्यापासून एकशेसाठ वेढे घातले. अर्धा तासही लागला नाही. सुगंधाने जसे घातले असते तसेच घातले. मग चहा घेऊन, साड्या पिशवीत टाकून गेला. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, जेवत जा वेळेवर.

गुरुवारी मी ती कॉईल अर्बनच्या गाडीत बसवली. मोठा स्पीकर मागच्या सीटच्या पाठच्या फळीत, लहान दाराच्या वरच्या कोपऱ्यात. कॉईल मोठ्याच्या वायरीत, कपॅसिटर लहानाच्या. अर्थची वायर पत्र्याला लागते ती जागा पुन्हा खरवडून पक्की केली, कारण डायनॅमोची शिट्टी आवाजात मिसळत होती. अर्बनने कॅसेट घातली. दोन्ही बाजूंनी सारखा आवाज आला. पेटीचा आवाज खालून, झांजेचा वरून, वेगवेगळा. तो झकास म्हणाला आणि माझा हात दाबला. मी पुढच्या सीटवर बसून गाणं संपेपर्यंत ऐकलं. कुठला कान कुठला, ते मला ओळखता आलं नाही. काम बरोबर झालं होतं.

शनिवारी तो बोटीवर गेला.

आता दिवाळी होऊन गेली. धोंडू दर महिन्याला एकदा येतो. सुलक्षणाने केलेलं काहीतरी घेऊन येतो, माझ्यासमोर बसतो, मी जेवलो की जातो. मागच्या वेळी चाळीतल्या एकाला सांगत होता की आमची सुगंधा कामाला वाघ, पण शेवटच्या दिवशी तिने आराम केला, तेवढं समाधान आहे. मी तिथेच उभा होतो.

ते वेढे माझे नव्हते, हे धोंडूला अजून सांगायचं आहे.